संतोजी अण्णांचा तळहात

संतोजी अण्णा कुठल्याही वस्तूला आधी हाताच्या पाठीने शिवत. रेडिओ असो, दाराची कडी असो, नाहीतर कॉफीचा पितळी लोटा. उजव्या हाताची बोटं किंचित दुमडायची, हात उलटा करायचा आणि नखांच्या मागची बाजू हळूच टेकवून बघायची. सरळ हात लावायचा तो नंतर. त्यांच्या नातीच्या बारशाला मी गेले होते. पाळण्यात वाकून त्यांनी त्या एवढ्याशा पोरीच्या गालालाही आधी हाताची पाठच लावली. त्यांची बायको म्हणाली, "बगा, नातीच्या अंगात करंट हाय काय बगतायत!" सगळे हसले. अण्णाही हसले, पण हात सरळ केला तो खात्री झाल्यावरच.

ही सवय मलाही लागली आणि या वयातही सुटलेली नाही. मध्यंतरी केबलवाला येऊन टीव्हीखाली नवा सेट-टॉप बॉक्स बसवून गेला. म्हणजे जायला निघाला होता. मी उठले, बोटं दुमडली आणि त्या डब्याच्या पत्र्याला लावली. बारीक मुंग्या आल्या. "स्वल्प येतंच, अज्जी," तो म्हणाला. "सगळ्यांच्या घरी येतं, काही होत नाही." मी म्हटलं, "सगळ्यांच्या घरी येतं, हे तू मला समजावतोयस की कबूल करतोयस?" त्याचा तो हलका अडॅप्टर मी बदलायला लावला, पिन उलटसुलट करून पुन्हा हात लावून पाहिला, तेव्हाच त्याला चहा दिला. जिन्यावरून उतरताना तो फोनवर कुणाला तरी सांगत होता, भारी खट म्हातारी आहे. मी खट आहे हे खरंच, पण त्यातलं निम्मं श्रेय अण्णांचं आहे.

साठीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. वडिलांची बदली बेळगावहून बंगळूरला झाली आणि मी मॅट्रिक होऊन घरात बसले होते. मल्लेश्वरमात एका लांबट कौलारू इमारतीत रेडिओ जोडणीचा कारखाना होता, तिथे मी कामाला लागले. आम्ही बारा-पंधरा मुली, चार-पाच पुरुष, आणि मालक. मालकांना सगळे कन्नड रीतीने यजमान म्हणत. पहिल्याच दिवशी मला एक तयार रेडिओ उचलून शेवटच्या टेबलावर न्यायला सांगितलं. मी तो दोन्ही हातांनी कवटाळून नेला. टेबलामागे पांढरा सदरा, काळी टोपी आणि कानामागे पेन्सिल असे एक पन्नाशीचे गृहस्थ बसले होते, हेच संतोजी अण्णा. ते ओरडलेच.

"अय्यो, तळवा नको, अक्का! तळवा धरतोय. पाठ सोडतीय."

मला काही कळेना. मग त्यांनी रेडिओ खाली ठेवायला लावून समजावलं. विजेचा झटका बसला की हाताची मूठ वळते. तळहात लावलेला असेल तर ती मूठ त्याच वस्तूभोवती वळते आणि माणूस चिकटून राहतो. हाताची पाठ लावली असेल तर वळणारी मूठ हात आपोआप मागे ओढते. "देवानंच तशी मूठ केलीय," ते म्हणाले, "आपण फक्त बाजू निवडायची." मग लगेच, "सरी. ऊटा झालं काय तुमचं?"

जेवणाला ऊटा आणि 'ठीक आहे'ला सरी म्हणणारं ते मराठी ऐकून मी मनातल्या मनात नाक मुरडलं. अण्णांचं घराणं तीनेकशे वर्षं बंगळुरात. घरात मराठी बोलायचे, पण त्यात कन्नड असं मुरलेलं की कुठलं काय ते त्यांनाही सांगता येत नसे. माझं बेळगावचं मराठी काही फार सोवळं नव्हतं, तरी मी त्यांची नक्कल करून मुलींना हसवायची. एकदा त्यांनी ती ऐकली. म्हणाले, "छान करताय की. पण 'ऊटा' म्हंताना तोंड अजून स्वल्प गोल करा." त्या दिवसापासून मी नक्कल बंद केली. मी त्यांच्या मुलीपेक्षा लहान, तरी मला त्यांनी कधी अरे-तुरे केलं नाही. मी पद्मा, त्यांची पद्मक्का.

आता त्या रेडिओंबद्दल थोडं सांगायला हवं. आमचे रेडिओ स्वस्तातले. त्यात ट्रान्स्फॉर्मर नसे, त्यामुळे आतला लोखंडी सांगाडा थेट विजेच्या एका तारेला जोडलेला असे. भिंतीतल्या दोन भोकांत पिन सुलट बसली तर सांगाडा निर्धोक. तीच पिन उलट बसली की साऱ्या सांगाड्यात वीज, मग रेडिओ चालू असो वा बंद. बाहेरून लाकडी पेटी आणि बॅकेलाइटच्या गुंड्या, म्हणून घेणारा सुखरूप. पण गुंडी दांड्यावर घट्ट बसवायला तिच्या कडेला एक बारीक स्क्रू असे आणि तो आत सांगाड्याशी भिडलेला असे. त्या स्क्रूच्या भोकात मेण भरून ते बुजवायचं. एवढंसं काम, कंटाळवाणं, आणि ते माझ्याकडे होतं.

प्रत्येक रेडिओ शेवटी अण्णांच्या टेबलावर जाई. पिन सुलट लावून ते स्टेशन लावत, गाणं ऐकत, मान डोलावत. नवा माणूस असता तर इथेच थांबला असता. अण्णा पिन काढत, उलटी करून पुन्हा लावत आणि मग हाताच्या पाठीने पेटीची एकेक जागा चाचपत. "सुलट लावल्यावर सगळेच गुणी," ते म्हणत. "उलटं लावून बगितलं काय?" सगळं ठीक असेल तर पाठीमागच्या स्क्रूवर लाल लाखेचा एक ठिपका. तो ठिपका नसलेला रेडिओ कारखान्याचा उंबरठा ओलांडत नसे. यजमान कधी घाई करू लागले तर अण्णा लाखेची बाटली त्यांच्यापुढे सरकवून म्हणत, "तुमीच लावा की." यजमानांनी ती कधीच हातात घेतली नाही.

एवढी काळजी करणाऱ्या माणसाच्या पाठीमागे काहीतरी दुःख असणार, असं आम्हा मुलींनी ठरवूनच टाकलं होतं. कुणी म्हणे भाऊ गेला, कुणी म्हणे पहिली बायको. शेवटी मी धीर करून विचारलं, "अण्णा, तुमच्या घरी कुणाला शॉक लागला होता का?" ते म्हणाले, "न्हाई की. सगळे बरे हायत." मग काहीसे दुखावून, "कुणीतरी मरायलाच पायजे काय, अक्का, नीट काम करायला?" मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की मी दिवसभर मान वर केली नाही.

आणि त्याच अण्णांना मी फसवलं. लिहिताना आजही हात थबकतो, पण हे सांगितल्याशिवाय अण्णा कळायचे नाहीत.

त्या वर्षी दसऱ्यासाठी यजमानांनी नवी पेटी काढली. फिकट लाकूड आणि गुंड्या दुधी रंगाच्या. फार देखणी. त्या दुधी गुंड्यांवर माझं तपकिरी मेण माशी बसल्यासारखं दिसायचं. यजमान येता-जाता चुकचुकत, मलाही ते डोळ्यांना खुपे. आई घरी साड्यांना खळ करायची. मी ती वाटीभर नेली, तिच्यात खडूची पूड कालवली आणि पहिल्या बारा रेडिओंच्या गुंड्यांत भरली. वाळल्यावर काय सुंदर दिसली! पांढरी, गुळगुळीत, टणक. अण्णांनी पिन उलटी लावून हाताची पाठ फिरवली. कोरड्या खळीतून काहीच लागलं नाही. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, "नवं मेण काय?"

मी मान हलवली.

खोटं बोलायचं ठरवलं नव्हतं. खळ म्हटलं तर ते नको म्हणतील, एवढंच वाटलं. त्यांनी माझ्या त्या मान हलवण्यावर बारा लाल ठिपके दिले.

मग आली खंडेनवमी. बंगळुरात तिला आयुधपूजा म्हणतात आणि त्या दिवशी यंत्र म्हणून जे काही आहे त्याला पाण्याने पुसून गंध, कुंकू, फूल. सकाळी सातलाच आम्ही सगळे कारखान्यात जमलो. दाराला केळीचे खांब, उंबऱ्यावर फोडलेला कुंकवाचा कोहळा, टेबलावर पक्कड, तारा डाखायची डाखणी, पेचकस ओळीने मांडलेले, आणि मधोमध त्या बारातला एक दुधी रेडिओ. अण्णांनी आपली सायकल पुसून तिला झेंडूचा हार घातला होता. यजमानांच्या बायकोने ओल्या फडक्याने रेडिओ पुसला आणि गंधाचं बोट बरोबर गुंडीवरच्या माझ्या पांढऱ्या ठिपक्यावर टेकवलं. सहजच होतं ते. ती जागा कपाळासारखीच दिसत होती.

आणि माझ्या डोळ्यांदेखत ती खळ विरघळली. गंधात मिसळून गुंडीवरून पांढरा ओघळ आला आणि मागे स्क्रू चमकला.

तो रेडिओ काही विजेला जोडलेला नव्हता. पण बारातले अकरा कारखान्यात होते आणि एक आदल्या दिवशी संपिगे रोडवरच्या दुकानात विकायला गेला होता. सणाच्या खरेदीत तो एव्हाना विकला जाऊन कुणाच्या तरी घरी भिंतीला जोडलेला असणार. आज त्या घरची बाई तो ओल्या फडक्याने पुसणार, आणि बंद आहे म्हणून निर्धास्त पुसणार. माझ्या हातात प्रसादाचे चुरमुरे होते. ते घेऊन मी किती वेळ उभी होते कोण जाणे. कुणाला सांगितलं नाही तर कुणाला कळणारही नव्हतं, हा विचार माझ्या मनात आला. तो आला होता हे मी लपवत नाही. मग मी अण्णांकडे गेले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

ते ओरडले नाहीत. पूजेतला रेडिओ उचलला, आपल्या टेबलावर नेला, पिन उलटी लावली आणि टेस्टरचं टोक त्या ओल्या गंधावर टेकवलं. टेस्टरमधला दिवा लाल झाला. अण्णांनी पिन काढली. मेणाची वडी, टेस्टर आणि पेचकस खिशात टाकला.

"चूक तुमची हाय," ते म्हणाले, "लाख माझी हाय. दोघंबी जाऊ."

दुकानदार दारावर आंब्याचं तोरण बांधत होता. रेडिओ कुठे गेला ते त्याला पक्कं ठाऊक होतं, कारण छपरावर एरियलची तार त्यानेच बांधून दिली होती. हेब्बाळच्या तळ्याकाठी भाजीचा मळा असलेलं घर, दारात मोठं चिंचेचं झाड. बसगाड्या सगळ्या डेपोत हार घालून घेत उभ्या होत्या, कधी सुटतील याचा नेम नाही. अण्णांनी सायकलच्या कॅरिअरकडे बोट केलं. बावीस वर्षांची मुलगी सणाच्या दिवशी परक्या माणसाच्या मागे सायकलवर बसून चालली आहे, हे वडिलांच्या कानावर गेलं तर काय, हा विचार करायला मला वेळच मिळाला नाही.

ती स्वारी बघायला हवी होती. पुढच्या चाकावर कुंकू, हँडलला हार, त्यात लटकणारं लिंबू, टोपी सांभाळत पायडल मारणारे अण्णा आणि मागे रडवेली मी. चढ आला की मी उतरून धावायची, उतार आला की पुन्हा बसायची. रस्त्यावरची माणसं हसून हात हलवत होती, त्यांना वाटलं असेल आम्ही कुठल्या पूजेला निघालो आहोत. अण्णा वाटेत एकच वाक्य बोलले. "कळफळ नको, अक्का, घाबरू नका. घरची पूजा लवकर सुरू होत न्हाई."

चिंचेचं झाड दिसलं. दारात ओली रांगोळी होती. आत एक बाई, नुकतीच न्हायलेली, केस फडक्यात गुंडाळलेले, एका हातात तांब्या आणि दुसऱ्या हातात पिळलेलं फडकं. समोर चौरंगावर आमचा दुधी रेडिओ, त्याची तार भिंतीत. फडकं रेडिओपासून हातभर होतं.

"अम्मा, स्वल्प निल्ली!" अण्णा दारातूनच म्हणाले. थांबा म्हणाले, पण ओरडून नव्हे. घाबरून तिचा हात पुढे पडेल याचंही त्यांना भान होतं. ती थबकली, वळली. रेडिओ बंदच आहे, ती कन्नडमध्ये म्हणाली, नवऱ्याने बटण बंद करून दिलं आहे. अण्णा धापा टाकत आत गेले, तिच्या हातातलं फडकं मागून घेतलं आणि त्याचं पाणी वरूनच थेंबथेंब गुंडीवर पाडलं. मग तिथे टेस्टर लावला. दिवा लाल झाला. पिन उलटी बसली होती.

मी भिंतीला टेकून खाली बसले आणि हुंदके देऊन रडले. त्या बाईला बिचारीला काहीच कळेना. तिने मलाच पाणी आणून दिलं.

अण्णांनी पिन उपसून काढली, पेचकसाच्या टोकाने दोन्ही गुंड्यांतली खळ खरवडली, पुसून कोरडी केली. मग इकडेतिकडे बघितलं. देवापुढे समई जळत होती. "चालेल काय?" त्यांनी विचारलं. बाई हो म्हणाली. समईच्या ज्योतीवर त्यांनी मेण मऊ केलं आणि वडी माझ्यापुढे धरली.

"तुमचं काम हाय."

मी मेण भरलं, अंगठ्याने दाबलं. अण्णांनी गुंडी ओली केली, पिन उलटी लावली, टेस्टर लावला. दिवा लागला नाही. मग हाताची पाठ. मग त्यांनी पिन काढून ठेवली आणि बाईला म्हणाले, "आता करा पूजा. आणि पुसताना दर वेळी ही पिन काढून ठेवायची, बंद असला तरी." तिने रेडिओला, अण्णांच्या पेचकसाला आणि मग काय वाटलं कोण जाणे, माझ्याही कपाळाला कुंकू लावलं. आम्हाला केळीच्या पानावर जेवू घातलं. परत येताना बस मिळाली, अण्णांनी सायकल टपावर चढवली.

सण संपल्यावर यजमानांनी मला बोलावलं. मला काढून टाकणार हे उघड होतं आणि मला ते पटतही होतं. अण्णा न बोलावता आत आले. "ह्यांना काढाल तर मी अडवत न्हाई," ते म्हणाले. "पण मग बाकीच्या मुली काय शिकतील? चूक झाली तर गप बसायचं. ह्या येऊन बोलल्या म्हणून ती बाई हाय." यजमानांनी बोटातली अंगठी फिरवली. मग म्हणाले, मेण तपकिरीच राहू दे.

अण्णांनी त्या दिवसापासून तपासणीत एक पायरी वाढवली. गुंडीवर ओलं फडकं, पिन उलटी, मग टेस्टर. नव्या मुलींना शिकवताना त्या पायरीला ते पद्मक्काची तपासणी म्हणत. मला आधी वाटलं, टोमणा मारतात. एकदा तसं बोललेही. ते नवलाने म्हणाले, "टोमणा कसला? मला तीस वर्षांत सुचलं न्हाई ते तुमच्यामुळं सुचलं. नाव तुमचंच की." माझ्या आयुष्यातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट त्या माणसाने माझ्या नावावर चांगली म्हणून जमा केली. पुढे मला कामात मान मिळाला, पण त्या नावाएवढा कुठला वाटला नाही.

आणखी चार वर्षांनी अण्णा निवृत्त झाले. डोळे अधू झाले होते. शेवटचं वर्षभर त्यांचं टेबल मीच सांभाळत होते, लाखेची बाटली मात्र त्यांच्याकडेच असे. शेवटच्या दिवशी हार, भाषण, उप्पिट्टू, कॉफी सगळं झालं. मुली त्यांच्या पाया पडल्या. मग त्यांनी बाटली माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "आजचा शेवटचा सेट तुमी पास करा. मी बगतो."

मी पिन सुलट लावली, गाणं ऐकलं, पिन काढली. ओलं फडकं, पिन उलटी, टेस्टर, हाताची पाठ. दोनदा केलं. मग पाठीमागच्या स्क्रूवर माझ्या हातचा पहिला लाल ठिपका दिला. पिन उलटीच होती, रेडिओ गात होता.

अण्णा उठले. कोपऱ्यातल्या बादलीत त्यांनी उजवा हात बुडवला आणि निथळत टेबलापाशी आले. बोटं दुमडतील, हात उलटा होईल म्हणून मी बघत होते. ते माझ्याकडे बघून हसले आणि हात सरळ पुढे केला. तो ओला तळहात त्यांनी गुंडीवर ठेवला, पसरून, सबंध, आणि तसाच ठेवून गाणं संपेपर्यंत उभे राहिले.

"सरी," ते म्हणाले. "पाठवा."